एंजिनाचा भाता

लोहाराच्या भट्टीपाशीं कांहीं क्षण उभें राहिलें तरी भात्याचें महत्त्व ध्यानांत येतें. कोळसा तोच असतो, भट्टी तीच असते, लोखंडाचा तुकडाहि तोच असतो. पण भाता हलूं लागला कीं काळवंडलेला निखारा लाल होतो, लालाचा पिवळा होतो, आणि मघांपर्यंत हट्टानें ताठ राहिलेलें लोखंड मेणासारखें वांकूं लागतें. अग्नीला हवा अधिक मिळाली म्हणजे तो अधिक जोरानें जळतो, एवढीच ती साधी गोष्ट. मोटारीचें एंजिन म्हणजेहि एक भट्टीच आहे. पोलादी नळकांड्यांत बंद केलेली, मिनिटाला हजारों वेळां पेटणारी आणि विझणारी, पण भट्टीच. तेव्हां या भट्टीला भाता लावला तर तिचा जोर कां वाढूं नये, आणि तो भाता ओढण्यासाठीं वेगळा गडी न ठेवतां भट्टींतून वायां जाणाऱ्या धुरालाच त्या कामाला कां जुंपूं नये, असा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभीं एका तरुण स्विस यंत्रज्ञाच्या मनांत उभा राहिला. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षें तोच प्रश्न ठिकठिकाणच्या मोटारवेड्यांना आपापल्या घराच्या छपरीखालीं, उघड्या एंजिनावर वांकून उभे असतांना पडत आला आहे.

या भात्याचें नांव टर्बोचार्जर. पाहावयास तो पाठीस पाठ लावून जोडलेल्या दोन मोठ्या गोगलगाईंच्या शंखांसारखा दिसतो. भंगारांत निघालेल्या एखाद्या मोटारीवरून तो उतरवून आणावा, आपल्या साध्या मोटारीच्या धुराड्याला जोडावा, दोन-चार नळ्या फिरवाव्या आणि मोटारीची शक्ति पाहतां पाहतां वाढवून घ्यावी, हा मोह मोठा आहे. वरवर पाहणाऱ्याला तें दोन रविवारांचें काम वाटतें. मग हेंच यंत्र कल्पनेच्या कागदावरून विकत घेतां येणाऱ्या मोटारीपर्यंत येण्यास १९०५ पासून १९६२ पर्यंत ५७ वर्षें कां लागलीं? आणि इतकें करूनहि, ज्या कारखान्यानें अशी मोटार विकली त्यालाच पुढें गिऱ्हाइकांच्या मोटारींवरून तो भाता उतरवून देण्याची पाळी कां आली? या प्रश्नांच्या उत्तरांतच घरगुती कारागिराच्या यशापयशाचें बहुतेक रहस्य सांपडतें.

प्रथम एंजिनाचा श्वास कसा चालतो तें पाहिलें पाहिजे. सिलिंडरमध्यें पिस्टन खालीं उतरला म्हणजे आंत पोकळी होते, आणि बाहेरच्या वातावरणाचा दर चौरस इंचास सुमारें १४.७ पौंड असलेला दाब हवेला त्या पोकळींत ढकलतो. एंजिन हवा ओढून घेतें असें म्हणण्याची रीत आहे. पण खरें पाहतां वातावरणच ती त्याच्या तोंडांत घालीत असतें, आणि वातावरण घालील तेवढ्याच घासावर साधें एंजिन जगतें. पेट्रोल हवें तितकें ओततां येईल; परंतु एक भाग पेट्रोल पुरतें जळण्यास वजनानें सुमारें पंधरा भाग हवा लागते. म्हणून एंजिनाचा जोर किती, हें अखेर पेट्रोलवर नव्हे, तर हवेवर ठरतें. उलट बाजूस, जळून गेलेला वायु पुरता निवण्यापूर्वींच धुराड्यावाटे निघून जातो, आणि इंधनांतील एकंदर उष्णतेपैकीं सुमारें एकतृतीयांश उष्णता आपल्याबरोबर घेऊन जातो. टर्बोचार्जर या दोन गोष्टींची सांगड घालतो. त्यांत एकाच आंसाच्या दोन टोकांना दोन चाकें असतात. एक चाक धुराच्या झोतानें फिरतें. दुसरें त्याच्याच जोरावर बाहेरची हवा घेऊन, दाबून सिलिंडरकडे पाठवितें. मोटारीवरील लहान टर्बोचा आंस भर वेगांत मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो.

ज्याला ही सांगड प्रथम सुचली तो आल्फ्रेड ब्यूखी १८७९ सालीं स्वित्झर्लंडमधील विंटरटूर या कारखान्यांच्या गांवीं जन्मला. झुरिक येथें त्याचें यंत्रविद्येचें शिक्षण झालें. धुरावाटे वायां जाणारी उष्णता त्याच्या डोळ्यांत सलत होती. १९०५ च्या नोव्हेंबरांत, वयाच्या २६ व्या वर्षीं, त्यानें आपल्या कल्पनेसाठीं पेटंटचा अर्ज केला. त्या आराखड्यांत हवा दाबणारें यंत्र, पिस्टनचें एंजिन आणि धुरानें फिरणारें चाक हीं तिन्ही एकाच आंसावर मांडलेलीं होतीं. कागदावर सर्व बिनचूक होतें. पण धुराची धग सोसून गरगर फिरूं शकेल असें पोलाद त्या काळीं नव्हतें, आणि हवा दाबणाऱ्या यंत्राचीच बरीचशी मेहनत वायां जात असे. पुढें सुल्झर कंपनीच्या कारखान्यांत त्याचे प्रयोग वर्षानुवर्षें चालले. यश पदरांत पडलें तें पेटंटनंतर वीस वर्षांनीं. १९२५ सालीं दहा सिलिंडरांच्या डीझेल एंजिनांना त्यानें आपला भाता यशस्वी रीतीनें जोडला आणि त्यांची शक्ति १७५० वरून २५०० अश्वशक्तीपर्यंत नेली. हीं एंजिनें ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या जर्मन उतारू जहाजांचीं होतीं.

पहिलें यश जहाजाच्या डीझेल एंजिनाला आलें, मोटारीच्या पेट्रोल एंजिनाला आलें नाहीं, हा योगायोग नव्हे. डीझेल एंजिनांत आधीं नुसती हवाच दाबली जाते. तेल अगदीं शेवटच्या क्षणीं आंत फवारलें जातें. हवा कितीहि दाबली तरी वेळेपूर्वीं पेटण्यासारखें तिच्यांत कांहीं नसतें. पेट्रोलच्या एंजिनांत मात्र हवा आणि पेट्रोल यांचें मिश्रण दाबलें जातें. ठिणगी पडली म्हणजे ज्वाला सिलिंडरच्या एका बाजूनें दुसऱ्या बाजूकडे सरकत जाते, आणि तिच्यापुढचें न जळलेलें मिश्रण दडपलें जाऊन अधिकाधिक तापतें. तें फार तापलें तर ज्वाला पोहोंचण्याची वाट न पाहतां एकदम पेट घेतें. मग पिस्टनवर रेटा येण्याऐवजीं घणाचा घाव बसतो. चालकाला खडखड असा धातूचा आवाज येतो, आणि एंजिन ‘ठोकूं’ लागलें असें म्हणतात. असे घाव चालू राहिले तर पिस्टनच्या कडा तुटतात, माथ्याला भोंक पडतें. भात्यानें मिश्रणाचा दाबहि वाढतो आणि उष्णताहि वाढते. म्हणजे पेट्रोल एंजिनाचें जें नेमकें दुखणें, त्याच्यावरच हा भाता बोट ठेवतो. शिवाय पेट्रोल एंजिनाचा धूर डीझेलच्या धुराहून कितीतरी अधिक तापलेला असतो. मोटारीच्या भात्याला उशीर झाला तो या दोन कारणांनीं.

मध्यंतरीं पहिल्या महायुद्धानें एक निराळी वाट दाखविली. विमान जसजसें उंच चढतें तसतशी हवा विरळ होते आणि एंजिनाचा दम तुटतो. फ्रान्समध्यें ओग्यूस्त रातो या नामांकित यंत्रज्ञानें विमानाच्या एंजिनाला धुरावर चालणारा भाता बसविण्याचे प्रयोग केले. अमेरिका युद्धांत उतरल्यावर तेथील वैमानिक समितीचे विल्यम ड्युरंड यांना आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याची आठवण झाली. तो सॅनफर्ड मॉस. कॉर्नेल विद्यापीठांत वायुचक्राचा अभ्यास केलेला हा गृहस्थ त्या वेळीं जनरल इलेक्ट्रिक कंपनींत होता. विमान न उडवितां विरळ हवा कोठें मिळेल? कोलोरॅडोंत पाइक्स पीक नांवाचें सुमारें १४,१०० फूट उंचीचें शिखर आहे, आणि वरपर्यंत मोटारीचा रस्ता आहे. १९१८ सालीं मॉस आणि त्याचे सहकारी लिबर्टी जातीचें विमानी एंजिन मालमोटारीवर लादून त्या शिखरावर घेऊन गेले. समुद्रसपाटीवर ३५० अश्वशक्ति देणारें तें एंजिन शिखरावर भात्यावांचून सुमारें २३० अश्वशक्तीवर आलें. भाता चालू करतांच तें पुन्हां साडेतीनशांच्या किंचित् वर गेलें.

दोन वर्षांनीं, २७ फेब्रुवारी १९२० रोजीं, मेजर रुडॉल्फ श्रोडर यानें असेंच भाता लावलेलें विमान ओहायो राज्यांतील डेटन येथून ३३,००० फुटांच्या वर नेलें. एंजिनाला श्वास पुरला, पण माणसाला पुरला नाहीं. प्राणवायु संपल्यावर श्रोडरनें चष्मा वर केला. त्या थंडींत त्याचे डोळे गोठले आणि शुद्ध हरपली. विमान कित्येक मैल खालीं कोसळलें. जमीन जवळ आल्यावर कसाबसा भानावर येऊन त्यानें तें सांवरलें आणि उतरविलें.

या यशांत एक गोष्ट सहज नजरेआड होते. शिखरावर आणि आकाशांत भात्यानें एंजिनाला नवें कांहींच दिलें नव्हतें. उंचीनें हिरावून घेतलेलें तेवढें परत केलें होतें. समुद्रसपाटीवरचा जो भार सोसावयास एंजिन घडविलें होतें, तोच त्याला पुन्हां मिळाला. जमिनीवरच्या मोटारीला भाता लावणें ही याहून अगदीं वेगळी गोष्ट आहे. तेथें एंजिनावर त्याच्या घडणींत धरलेलाच नाहीं असा भार पडतो. विमानाच्या भात्याचा दाखला देऊन मोटारीचा भाता सोपा समजणारे हा भेद विसरतात.

धग सोसणारा धातु मिळण्यास दुसरें महायुद्ध उजाडलें. टर्बोच्या चाकाच्या पात्यांसाठीं जे मिश्रधातु उपयोगी पडले त्यांत व्हायटॅलियम हा कोबाल्टचा मिश्रधातु होता, आणि तो पूर्वीं दंतवैद्य कृत्रिम दांतांच्या बैठकीसाठीं वापरीत असत! बी-१७ आणि बी-२४ हीं बाँबफेकी विमानें, पी-३८ आणि पी-४७ हीं लढाऊ विमानें अशा भात्यांच्या बळावर उंचावरून उडालीं. मॉसला १९४० चें कॉलियर पारितोषिक मिळालें. युद्धानंतर हें ज्ञान जमिनीवर उतरलें, पण पुन्हां डीझेलच्याच वाटेनें. मालमोटारी, मोठे ट्रॅक्टर, माती ओढणारीं यंत्रें यांवर टर्बो दिसूं लागला. १९५२ च्या इंडियानापोलिस शर्यतींत कमिन्स कंपनीची टर्बो लावलेली डीझेल मोटार सर्वांत पुढच्या जागेवरून निघाली. परंतु ७१ फेऱ्यांनंतर तिला थांबावें लागलें. हवा घेण्याचें तोंड खालच्या बाजूस होतें, आणि धांवपट्टीवरचा चाकांच्या रबराचा चुरा ओढला जाऊन तें बुजलें. हवा कोठून घ्यावी ही क्षुल्लक वाटणारी बाबहि किती महाग पडते हें त्या दिवशीं दिसलें.

अखेर १९६२ सालीं अमेरिकेंत टर्बो लावलेल्या दोन पेट्रोल मोटारी सामान्य गिऱ्हाइकांसाठीं बाजारांत आल्या. दोन्ही जनरल मोटर्सच्याच घराण्यांतल्या; पण दोहोंनीं एकाच दुखण्यावर अगदीं निराळीं औषधें काढलीं. शेव्हरोलेच्या कॉर्व्हेअर स्पायडरच्या कर्त्यांनीं सावधपणाची वाट धरली. सिलिंडरमध्यें मिश्रण किती पट दाबावें तें प्रमाण ९ वरून ८ वर उतरविलें, आंतील महत्त्वाचे भाग अधिक मजबूत केले, आणि मग भाता लावला. त्याच आकाराचें त्यांचें सर्वांत जोरकस साधें एंजिन १०२ अश्वशक्तीचें होतें. टर्बोचें १५० झालें.

ओल्ड्समोबिलच्या जेटफायरच्या कर्त्यांना एवढी माघार मान्य नव्हती. २१५ घन इंचांच्या एंजिनांतून नेमकी २१५ अश्वशक्ति काढावयाची, आणि दाबाचें प्रमाण १०.२५ हें उंचच ठेवावयाचें, असा त्यांचा बेत. मग एंजिन ठोकणार नाहीं कसें? युद्धकाळच्या विमानांत वापरलेली युक्ति त्यांनीं उचलली. पाणी आणि मेथिल अल्कोहोल यांचें मिश्रण एका बाटलींत भरून ठेवावयाचें, आणि भात्याचा जोर चढला कीं तें एंजिनांत सोडावयाचें, म्हणजे आंतील मिश्रण थंड राहतें. या द्रवाला त्यांनीं ‘टर्बो-रॉकेट फ्लुइड’ असें भारदस्त नांव दिलें. बाटली रिकामी झाली तर एक झडप मिटून भात्याचा जोर कमी करी, म्हणजे एंजिनाला इजा होऊं नये.

योजना चांगली होती. पण तिच्यांत माणसाचा हिशेब चुकला. पेट्रोलच्या टाकीशिवाय आणखी एक बाटली भरावयाची असते, हें अनेक मालकांच्या अंगवळणीं पडलें नाहीं. बाटली रिकामी राही, झडप मिटे, आणि ज्या जोरासाठीं पैसे मोजले तो जोर नाहींसा होई. दोन वर्षांत साडेनऊ हजारांच्या आसपास मोटारी तयार झाल्या आणि तें प्रकरण थांबलें. पुढें कंपनीनें मालकांना टर्बो उतरवून त्या जागीं साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची सोय केली. पुष्कळांनीं तिचा लाभ घेतला. म्हणूनच सर्व भागांसह शाबूत राहिलेली जेटफायर आज दुर्मिळ आहे.

पण या दोन मोटारींनीं एक गोष्ट सिद्ध केली होती: लहान टर्बो पेट्रोल एंजिनावर चालतो. ट्रॅक्टर आणि मालमोटारी यांच्यामुळें टर्बो स्वस्त आणि सुलभ होऊं लागले होते. भंगारवाल्यांकडे ते मिळूं लागले. कॅलिफोर्नियांतील मोटारवेड्यांना एवढें पुरे होतें. घराशेजारच्या मोटारखान्यांत साध्या एंजिनाला टर्बो लावण्याचे उद्योग तेथून सुरू झाले. १९७० च्या दशकांत ह्यू मॅकइन्स यांनीं टर्बोची निवड आणि जोडणी यांवर लिहिलेला ग्रंथ अशा कारागिरांच्या हातीं आला. १९९७ सालीं कॉर्की बेल यांचा ‘मॅक्सिमम बूस्ट’ हा ग्रंथ निघाला. दोहोंचा भर आंकडेमोडीवर आहे, आणि तो कां, हें एका साध्या उदाहरणानें कळतें.

समजा, घरगुती कारागिरानें दर चौरस इंचास ७ पौंड एवढाच जादा दाब ठरविला. वातावरणाच्या १४.७ पौंडांत ७ मिळविले म्हणजे दाब जवळजवळ दीडपट झाला. तेव्हां शक्तिहि दीडपट व्हावी, असें त्याला वाटतें. परंतु हवा दाबली कीं ती तापते. सायकलच्या पंपाचें टोंक हातीं लागलेल्या कोणत्याहि मुलाला हें ठाऊक आहे. ३० अंश उष्णतेची हवा टर्बोंतून बाहेर पडतांना सुमारें ८० अंशांवर जाते. तापलेली हवा विरळ असते. म्हणून सिलिंडरमध्यें प्रत्यक्षांत हवा वाढते ती निम्म्यानें नव्हे, पावपटीच्या जरा वर. आणि ती तापलेली असल्यामुळें ठोके बसण्याचा धोका मात्र पुरता वाढतो. वाटेंत इंटरकूलर बसवून, म्हणजे वाऱ्यानें थंड होणाऱ्या जाळींतून हवा नेऊन, ती ४५ अंशांवर आणली, तर तोच दाब ठेवून वाढ चाळीस टक्क्यांपर्यंत जाऊं शकते आणि धोकाहि उतरतो. म्हणजे नुसता भाता लावणारा आपल्या लाभापैकीं मोठा वांटा उष्णतेला देऊन बसतो.

हवेनंतर पेट्रोल. वाढलेल्या हवेच्या प्रमाणांत पेट्रोल वाढलें नाहीं, तर मिश्रण दुबळें होतें, आणि भाराखालीं दुबळें मिश्रण अधिक तापून जळतें. अलीकडच्या मोटारींत पेट्रोल किती सोडावें हें यंत्रगणक ठरवितो. पण साध्या मोटारीच्या गणकाला वातावरणाहून अधिक दाब ही गोष्ट ठाऊकच नसते. मालकानें टर्बो लावला हें त्याला कोणी सांगितलेलें नसतें! तो जुन्याच हिशेबानें माप घालीत राहतो. ठिणगी पडण्याची वेळहि जुनीच राहते. ती दाब वाढेल तशी थोडी मागें घ्यावी लागते. पहिल्या चढावर मोटार विलक्षण पळते, मालक हरखून जातो, आणि थोड्याच दिवसांत धुराड्यांतून निळा धूर येऊं लागतो. एंजिन उघडावें तों पिस्टनच्या कड्यांमधील भिंत तुटलेली आढळते. आयत्या मिळालेल्या टर्बोवर वांचविलेले पैसे एंजिन पुन्हां बांधण्यांत जातात.

तेलाची बाबहि अशीच. टर्बोच्या आंसाला एंजिनांतलेंच तेल बारीक नळीनें पुरवावें लागतें. आंत जाणारी नळी बारीक चालते, पण परत येणारी रुंद आणि सतत उतरती लागते. कारण फेंसाळलेलें तेल केवळ आपल्या वजनानें खालीं येतें. त्यासाठीं एंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याला भोंक पाडून तोटी बसवावी लागते. ही वाट तुंबली तर तेल आंसाच्या कडेनें झिरपून धुराड्यांत जळतें. लांबचा चढ चढून आल्याबरोबर एंजिन एकदम बंद केलें, तर तापलेल्या टर्बोंत अडकलेलें तेल करपून कोळसा होतें. म्हणून मिनिटभर एंजिन मंद चालूं देऊन मगच तें थांबविण्याची रीत पडली. आणि धुराचा झोत मर्यादेबाहेर जाऊं लागला कीं त्याचा कांहीं भाग चाकाला टाळून परस्पर बाहेर सोडणारी झडप नसेल, तर धूर वाढला म्हणून दाब वाढतो आणि दाब वाढला म्हणून धूर वाढतो, असें दुष्टचक्र चालू होतें.

हे धडे मोठमोठ्या कारखान्यांनाहि फुकट मिळाले नाहींत. १९७७ सालीं रनो कंपनीनें ग्रां प्री शर्यतींत प्रथमच टर्बोची मोटार उतरविली. ती इतक्या वेळां वाफाळून बंद पडली कीं लोकांनीं तिला ‘पिवळी किटली’ असें नांव ठेवलें. पहिला विजय मिळण्यास १९७९ साल उजाडलें. त्याच सुमारास स्वीडनच्या साब कंपनीनें वेगळी समजूत दाखविली. तिच्या ९९ टर्बो या मोटारींत भाता लहान निवडला, दाबाचें प्रमाण ७.२ पर्यंत खालीं आणलें, आणि शक्ति १४५ अश्वशक्तींवर आटोपती ठेवली. पण ती रोजच्या रस्त्यावरच्या वेगांत हातीं येई. पुढें ठोक्याचा आवाज ओळखणारा कान एंजिनालाच बसविण्यांत आला. अमेरिकेंत ब्यूइकनें १९७८ सालीं टर्बोच्या एंजिनांत अशी योजना केली; ठोका ऐकूं येतांच ठिणगी मागें सरे. साबनें कांहीं वर्षांनीं त्याच खुणेवरून भात्याचा दाबहि कमी करण्याची व्यवस्था केली. जेटफायरच्या काळीं जें मालकाच्या आठवणीवर सोंपविलें होतें, तें आतां यंत्राच्या कानावर सोंपविलें गेलें. टर्बो सर्वसामान्य मोटारींत स्थिरावला तो त्यानंतर.

घरगुती कारागिराचा खरा काळहि मोजण्याचीं साधनें त्याच्या हातीं आल्यावरच सुरू झाला. २००१ सालीं ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो या दोघां अमेरिकनांनीं ‘मेगास्क्वर्ट’ नांवाची, घरीं सुटे भाग डाख लावून जोडतां येणारी पेट्रोल-नियंत्रणाची पेटी काढली. दाब किती, हवा किती तापलेली, पेट्रोल किती, हें सर्व मालकाला स्वतः ठरवितां येऊं लागलें. धुरांत प्राणवायु किती उरला तें दाखविणारें मापकहि आवांक्यांत आलें. कोणतें एंजिन निवडावें हेंहि अनुभवानें कळलें. माझ्दा कंपनीची १९८९ सालची मियाटा ही लहान मोटार घरीं टर्बो लावणाऱ्यांची आवडती ठरली, यांत नवल नाहीं. तिच्या एंजिनाच्या घराण्यांतील दुसरें एंजिन कारखान्यानेंच टर्बोसह विकलें होतें, म्हणजे त्याचीं हाडें आधींच भक्कम होतीं. पुण्याजवळ पिंपरी येथें टाटांनीं बांधलेल्या इंडिका मोटारीचें १४०५ घन सेंटिमीटरचें डीझेल एंजिनहि १९९८ सालीं साधेंच होतें आणि पुढें त्याला कारखान्यानेंच टर्बो दिला. पण कारखान्याचें काम आणि पडवींतलें काम यांत कायदा भेद करतो. भारतांत १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, नोंदणींतील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा फेरबदल मालकाला सर्वसाधारणपणें करतां येत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें हा नियम कडकपणें लावला. कॅलिफोर्नियांतहि अशा जोडसाहित्याला हवेच्या शुद्धतेवर देखरेख करणाऱ्या मंडळाची मंजुरी लागते. धूर सर्वांच्या श्वासांत जातो, आणि ब्रेक निकामी झाले तर धोका एकट्या मालकाला नसतो, हें लक्षांत घेतां या बंधनांना केवळ जाच म्हणतां येणार नाहीं.

भात्याचा लोभ सुटलेला नाहीं, आणि सुटण्याचें कारणहि नाहीं. धुरावाटे जाणारी शक्ति परत मिळवावी, ही ब्यूखीची तळमळ योग्यच होती. फक्त तिची किंमत चुकवितां येत नाहीं. ती कधीं धातूंत द्यावी लागते, कधीं थंडाव्यांत, कधीं दाबाचें प्रमाण उतरवून, कधीं धीर धरून. जेटफायरच्या मालकांनीं जी बाटली भरण्याचा कंटाळा केला आणि शेवटीं काढून टाकली, तशीच पाणी आणि अल्कोहोल यांची बाटली आज घरीं टर्बो लावणारे कित्येक कारागीर पदरचे पैसे घालून मुद्दाम विकत घेतात, आपल्या हातांनीं बसवितात, आणि प्रवासाला निघण्यापूर्वीं ती भरली आहे कीं नाहीं तें आठवणीनें पाहतात. द्रव जवळजवळ तोच आहे. तो कशासाठीं लागतो, हें आतां बाटली भरणाऱ्यालाच ठाऊक आहे.